साठच्या आत

३ एप्रिल, गुरुवार

अक्कलकोटला जाऊन आलो. गाडीची पूजा झाली आणि मी फसलो.

अव्वा आणि बायको, अश्विनी, एसटीने, मी गाडीवर. मठाबाहेर नव्या गाड्यांची रांग. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं रीतसर. कुंकू लावायची वेळ आली तर अव्वा करंडा मुठीत घट्ट धरून उभी. "आदी माझ्या डोस्क्यावर हात ठेव. चाळीसच्या वर न्हेणार न्हाई म्हण."

मी म्हटलं, चाळीसने तर आता सायकली जातात. ऐंशी.

"पन्नास."

"सत्तर कर की गं."

"साठ. घे न्हाईतर हितंच सोडून जाते गाडी."

मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न मारत होता, अश्विनी पदरात तोंड लपवून हसत होती. मंडईत भाव करावा तशी आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मनात म्हटलं, म्हातारीचं समाधान, आपलं काय जातंय.

परत येताना वळसंगच्या पुढे रस्ता मोकळा. समोर ६० आकडा दिसला. मग ६१. मनगट आपोआप मागे आलं. मी काही फार देवभोळा नाही. पण हाताला तिच्या केसांचं तेल अजून होतं.

७ एप्रिल, सोम.

ही साडेसहाशे सीसीची. सहा गिअर. साठच्या आत राहायचं तर तिसऱ्याच्या पुढे जायची गरजच पडत नाही. चौथ्यात टाकली की कण्हते, पाचव्यात झटके देते. सहावा मी अजून पाहिलेला नाही.

अकरा वर्षं शंभर सीसीच्या गाडीवर लॅबचा डबा बांधून अख्खं सोलापूर फिरलो. घरोघरी जायचं, रक्त घ्यायचं, सात रस्ता चौकातल्या लॅबमध्ये आणून द्यायचं. ती शंभरची मी ऐंशीपर्यंत पळवायचो. तेव्हा कुणी शपथ घातली नाही. आता ती अकलूजच्या मेव्हण्याला दिली आणि ही आणली तर साठ. याला म्हणतात प्रमोशन.

इरफान मिस्त्री इंजिनाला कान लावून म्हणाला, "भाई, ये साठ पे चलने की चीज नै. इसका दम घुटता."

माझाही घुटतो, म्हटलं.

१६ एप्रिल, बुध.

ऊन बेचाळीस. इंजिनाचा पंखा सिग्नलला सुरू होतो आणि सगळी वाफ मांड्यांवर. बाळीवेसच्या आमच्या गल्लीत गाडी वळवायची तर उतरून, हँडल ओढून, चार वेळा पुढे-मागे. पोरं टाळ्या वाजवतात.

डबा बांधायला जागाच नाही, पाठीवरच्या पिशवीत नमुने. हिच्या झटक्यांनी आज एका बाईंचं रक्त बाटलीतच फुटलं, रिपोर्टला निरुपयोगी. पुन्हा जाऊन सुई टोचावी लागली. बाई म्हणाल्या, "एवढी मोठी गाडी घेतली आन् रगात सांडलं व्हय?" सांडलं नाही हो, आतल्या पेशी फुटल्या, म्हणून समजावत बसलो.

तरी गाडी काळी आहे आणि सुंदर आहे. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी वाचलं तर कळेल की कशापायी हे सगळं.

२४ एप्रिल, गुरु.

हल्ली लॅब सुटली की सरळ घरी येत नाही. बायपासला जातो. साठने दोन-तीन फेऱ्या. मला दुधाचे टेम्पो ओलांडून जातात. एक लग्नाची जीप गेली, मागच्या बायकांनी हात केला. गाडी बिघडली असं वाटलं असणार त्यांना.

घरी आलो तर अव्वा उंबऱ्यावर. रोज तिथेच. शेजारी पाण्याचा तांब्या, झाकलेला. गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की उठते म्हणे. "आलास?" एवढंच. मग आत जाऊन चहा ठेवते, आपणही माझ्याबरोबर पिते, घटाघटा.

म्हटलं, तू आपला घेत जा की चहा. माझी कशाला वाट बघतेस?

"मला कुटं काय हुतंय."

पहारा आहे नुसता. तेहेतीस वर्षांचा घोडा झालो तरी हजेरी द्यायची.

३ मे, शनि.

अश्विनी म्हणते, "सोडवून घ्या की शपथ. ज्याच्यावर घेतली त्याने 'सुटली' म्हटलं की सुटली. आमच्या अकलूजला असंच करतात." असंच सगळीकडे करतात, मलाही ठाऊक आहे. लहानपणी दिवसाला दहा शपथा सोडवल्यात.

अव्वा भाकरी थापत होती. म्हटलं, अव्वा, एकदा सुटली म्हण.

"गाडी इक. मग म्हणते."

"आणि नाही विकली तर?"

"मग साठ."

भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. विषय संपला. मी पण हट्टाने म्हटलं, विकणार नाही.

अश्विनीचं म्हणणं, आई वाळत चालल्यात. उन्हाळ्याने असेल. बायपासच्या फेऱ्या चालू आहेत, आज तर पाच मारल्या. साडेआठ झाले यायला. अव्वाने दार उघडलं नाही, उघडंच होतं. तिथेच बसलेली.

२७ मे, मंगळ. (दवाखान्यात बसून)

परवाचं लिहितो. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

अश्विनी आठवडाभर माहेरी होती. रविवारी तिला आणायला सकाळी सातला निघालो. म्हणजे तिला एसटीने आणायचं, या गाडीच्या मागच्या सीटवर ती बसत नाही, म्हणते, एवढ्याशा जागेत एखाद्या चिमणीला बसवा. अकलूजला नाश्ता केला, मेव्हणा आमची जुनी शंभरची घेऊन दणदणत गेला ते बघितलं आणि डोकं फिरलं. मेव्हणा पळवतोय आणि मी?

अश्विनी दुपारच्या एसटीने येणार होती. मी एकटा परत. टेंभुर्णी सोडली, हायवे मोकळा. चौथा. पाचवा. सहावा. १२४.

दहा सेकंद असतील. जास्त नाही. खरं लिहायचं तर जन्मात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. हेल्मेटमध्ये मोठ्याने ओरडलो. मग भानावर आलो आणि साठवर आणली. घड्याळ बघितलं, का कोण जाणे. अकरा दहा.

मोहोळला पाणी प्यायला थांबलो. फोनवर सात मिस्ड कॉल, शेजारच्या निलव्वा काकूंचे. पहिला अकरा वीसचा. उलट फोन लावला. "शिवा, तुजी आई उंबऱ्यावर पडलीया. तोंड वाकडं झालंय. आमी दवाखान्यात न्हेतोय, ये लौकर."

लवकर ये म्हणाल्या. मी मोहोळहून दवाखान्यापर्यंत साठने आलो. सगळा रस्ता. एकसष्टसुद्धा नाही.

३१ मे, शनि.

लकवा. उजवा हात-पाय नाही. वाचा नाही. जीव वाचला.

डॉक्टर म्हणाले, बीपीच्या गोळ्या नियमित घेत नव्हत्या, अंगात पाणीही फार कमी होतं. म्हटलं, मे महिना आहे. म्हणाले, तरीसुद्धा. गोळ्यांच्या पट्ट्या आणून बघितल्या, बऱ्याच तशाच. विसरली असेल.

मला माहीत आहे का झालं ते. अकरा दहा आणि अकरा वीस. अश्विनीला सांगितलं नाही. कुणालाच नाही. ती शिकलेली आहे, म्हणेल लॅबमध्ये काम करता आणि असलं बोलता. मीही दुसऱ्याला तेच म्हटलं असतं.

१० जून, मंगळ.

अव्वाला काल घरी आणलं. बाहेरच्या खोलीत खाट. सगळं समजतं तिला, बोलता येत नाही. माझ्याकडे बघते. मी इकडेतिकडे बघतो.

गाडी बोळात, ताडपत्री घालून. लॅबला अश्विनीच्या स्कूटीवर.

२३ जून, सोम.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम येतात, आठवड्यातून दोनदा. चित्रं दाखवतात. आज पेला दाखवला तर अव्वा म्हणाली, "नीरु." मॅडमना कानडी येत नाही, त्यांना वाटलं चुकलं. मी म्हटलं, बरोबर आहे, पाणीच म्हणाली. अश्विनी रडली. मीही.

नंतर "ब्याड" आला. नको. तो फार वापरते. औषध ब्याड, मऊ भात ब्याड.

एक गोष्ट लिहून टाकतो, कुणाला सांगायची लाज वाटते. मॅडम चित्रं दाखवत असतात आणि मी दारात उभा राहून एकाच शब्दाची वाट बघतो. आई बोलती व्हावी म्हणून नाही. तिने 'सुटली' म्हणावं म्हणून. तो शब्द तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला म्हणता येत नाही, आणि तिला बोलता येत नाही. असला मुलगा.

१४ जुलै, सोम.

गाडी बंद ठेवून ठेवून बॅटरी उतरली. इरफानने चार्ज करून दिली. "हफ्ते में एक बार तो चलाव भाई, नै तो मर जाती." मी ताडपत्री परत घातली.

अव्वा बरी खाते आता. हुग्गी, गव्हाची खीर, मागून घेतली. चेहरा भरलाय. गोळ्या अश्विनी वेळेवर देते. डॉक्टर म्हणाले, छान आहे, आता बीपी ठेवा असंच. पुन्हा चढलं तर वाचवता येणार नाही, हेही म्हणाले.

१० ऑगस्ट, रवि.

आज सगळं कळलं.

सकाळी इरफान आला, जबरदस्तीने गाडी बाहेर काढायला लावली. म्हटलं चला, होटगी रोडला एक फेरी, साठच्या आत. साडेनऊला गेलो, वाटेत त्याचा कुणी ओळखीचा भेटला, चहा झाला, अकरा वाजले.

घरी आलो तर अश्विनी घाबरलेली. "तुम्ही गेल्यापासून आई तोंड उघडेनात. नाश्ता नाही, गोळी नाही, पाणीसुद्धा नाही. दात घट्ट. तुमच्या गाडीचा आवाज आला तसं 'नीरु' म्हणाल्या." अव्वा डाव्या हाताने पेला धरून पीत होती. घटाघटा. ते पिणं मी ओळखलं.

निलव्वा काकू पडवीत होत्या. म्हणाल्या, "आता गं बया. ते सोडलं न्हाई व्हय अजून तिनं?"

काय सोडलं नाही?

"तुला ठावं न्हाय? आक्कलकोटास्नं आल्यापास्नं तिचा नेम हाय की. गाडी भाईर पडली का तोंडात पानी न्हाई. दारात लागली का मग. लई सांगितलं मी, गोळी तरी घे म्हनलं. तर म्हनती, उपाशीपोटी गोळी चढती."

एप्रिल. मे. रोज सकाळी नऊ ते रात्री. आणि मी बायपासला फेऱ्या मारत होतो. साठने. दुधाचे टेम्पो मोजत होतो. मी फिरत होतो तेवढा वेळ ही उंबऱ्यावर झाकल्या तांब्याशेजारी बसलेली.

रोज वीस घरांत जाऊन विचारतो, "उपाशी आहात ना?" माझ्या पोटापाण्याचं वाक्य आहे ते. घरात एकदाही विचारलं नाही.

अकरा दहाचा काही संबंध नव्हता. बरं वाटायला हवं होतं.

१२ ऑगस्ट, मंगळ.

सांगून टाकलं. मॅडम यायच्या आधी, खाटेशी बसून. टेंभुर्णीच्या पुढे एकशे चोवीस नेली, अव्वा. दहा सेकंद. तू पडलीस त्याच दिवशी.

तिने ऐकलं. मग हसली, अर्ध्या तोंडाने, एक बाजू वर जाते आणि एक तशीच राहते. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ओठ जुळवत होती. मग म्हणाली, "सुट-ली."

स्पष्ट. अश्विनी आतून धावत आली, नवा शब्द! मॅडम आल्यावर त्यांनी वहीत लिहून घेतला.

चार महिने ज्याची वाट बघितली ते मिळालं. लॅबला जाताना किल्ली हातात घेतली. अव्वा बघत होती, चहाचा कप ओठांपासून खाली आणलेला. किल्ली खिळ्याला परत लावली. स्कूटी.

२१ ऑगस्ट, गुरु.

म्हटलं, तू माझी सोडलीस, आता तुझी सोड. नेम मोड.

"ब्याड."

गावातल्या गावात गेलो तर? "ब्याड." अर्धा तास? "ब्याड." गोळी आणि घोटभर पाणी, बाकी काही नको, एवढी तरी सूट? विचार केला तिने. खरंच केला, कपाळाला आठी घालून. "ब्याड." अक्कलकोटला निदान भाव होत होता.

अश्विनी म्हणाली, लपवून न्या गाडी, ढकलत गल्लीबाहेर, तिकडे सुरू करा. एकदा केलं तसं, शनिवारी. अव्वाने खिडकीतून बोळातली ताडपत्री सपाट पडलेली बघितली असणार. तोंड बंद.

भांडलो तिच्याशी. आजारी बाईशी भांडलो. म्हटलं, हा प्रेमाचा प्रकार नाही, हा फास आहे. म्हटलं आणि लाज वाटली. पण फास आहे.

विकायची ठरवली. विकली की नेम आपोआप संपेल. तीही हेच तर म्हणत होती पहिल्यापासून, गाडी इक. हरलो म्हटलं तरी चालेल.

२९ ऑगस्ट, शुक्र.

कुंभारीचा एकजण येतोय रविवारी. माझ्याच वयाचा, आवाज बरा वाटला फोनवर. त्याच्याकडेही शंभरचीच होती आजवर. विचारत होता, "लई जड जाती का सुरुवातीला?" म्हटलं, सवय होते.

गाडी धुतली. टाकीवर अजून कुंकवाचा डाग आहे, अक्कलकोटचा. तो मी पुसला नाही, त्याचा तो पुसेल.

अव्वाला सांगितलं, विकतोय. मान हलवली. समाधान दिसलं तोंडावर. मला रात्री जेवण गेलं नाही.

३१ ऑगस्ट, रवि.

दुपारी साडेबारा. लिहीत बसलोय कारण दुसरं काही सुचत नाही.

कुंभारीचा माणूस अकराला आला. मित्राच्या गाडीवरून. गाडी बघितली, आवडली. गल्लीत गणपतीचा मांडव, वळवायला जागा नाही, मीच काढून दिली बाहेर. "एक चक्कर मारून येऊ का?" म्हटलं, या की. मित्र इथेच थांबला, पडवीत बसलाय मोबाईल बघत. गाडी गेली. आवाज मांडवापाशी, मग चौकात, मग नाही.

घरात आलो. म्हटलं, सुटलो दोघंही. अश्विनीने चहा आणला. अव्वाने कप बाजूला सारला.

म्हटलं, अव्वा, मी इथे आहे. हे बघ. गाडीवर मी नाही.

मी कप परत तिच्या ओठाशी नेला. दात घट्ट. अश्विनीने सकाळची गोळी बशीत ठेवली, आज माणूस येणार म्हणून तिचंही आवरायला उशीर झालेला. गोळीही नाही. नजर दाराकडे.

मी ओरडलो. ती गाडी आता आपली नाही, तो माणूस आपला कोण आहे? ना नातं ना गोतं!

अव्वा माझ्याकडे वळली. तोंड वाकडंतिकडं करत, एक एक शब्द शोधून आणला. मेनंतर एवढं लांब बोललेली नाही.

"त्याला... बी... आई... असंल."



आज तो परत येईल. पण पैसे देऊन घेऊन जाईल तेव्हा? कुंभारीच्या दारात ती लागली की नाही, हे हिला इथे कसं कळायचं? रोज फोन करून विचारायचं का त्याला, आलात का हो घरी, आमची आई उपाशी आहे म्हणून? आणि ठेवून घेतली तर ताडपत्रीखाली जन्मभर. इरफान म्हणतो, न चालवता मरते.

मित्र आत डोकावून म्हणाला, "काय म्हनता मग, पक्कं धरायचं का? नोटा आनल्यात त्यानं." म्हटलं, येऊ दे त्याला.

एक वाजला. एक चक्कर म्हणाला होता. दोन तास होत आले. फोन लावला, उचलत नाही. मित्र म्हणतो, "पळवत असंल हो, नवी गाडी म्हनल्यावर."

बशीत गोळी तशीच. अश्विनी चहा परत गरम करू का विचारतेय. कुणाचा, म्हटलं. ती म्हणाली, "दोन्ही." बघितलं तर माझाही कप भरलेला होता, साय धरलेली.

मी उंबऱ्यावर येऊन बसलोय.